ड्वॉर्फ फोर्ट्रेस: चालू गड न मोडता जगाचा इतिहास वाचायचा, तर सेव्ह कशा सांभाळायच्या?

कळंबा_तळं

ड्वॉर्फ फोर्ट्रेस या संगणकावरच्या खेळात घडवलेलं जग मध्यम, १२९ बाय १२९, इतिहास २५० वर्षांचा. त्यावर गड चालू आहे आणि गडाचं चौथं वर्ष लागलंय. आता लेजेंड्समध्ये, म्हणजे जगाचा इतिहास वाचायच्या खेळातल्या भागात, जाऊन बघायचंय की कुठल्या राज्याची गादी कुणाकडे गेली, शेजारच्या गॉब्लिनांनी गेल्या चार वर्षांत कुठली गावं घेतली, आपल्या गडात बसलेला बार्ड आधी कुठे कुठे फिरलाय. पण गड चालू असताना त्या जगासाठी लेजेंड्सचा पर्याय मिळत नाही. गड रिटायर केला, म्हणजे खेळणं थांबवून जगात सोडून दिला, की मिळतो हे माहीत आहे. गड ठेवून इतिहास कसा वाचायचा? आणि दर हंगामाला वाचायचा तर किती प्रती ठेवायच्या, नावं काय द्यायची? स्टीमवरची आवृत्ती, विंडोज.

उद्यमनगर_पॅटर्नवाला

एका जगात एका वेळी एकच खेळ चालू राहतो, मग तो गड असो की अ‍ॅडव्हेंचरर (जगभर फिरणारं एकटं पात्र). खेळ चालू आहे तोवर जग त्या खेळाच्या ताब्यात असतं आणि लेजेंड्स उघडत नाही. त्यामुळे वाट एकच: सेव्हची प्रत काढायची, प्रतीतला गड रिटायर करायचा आणि प्रतीचा इतिहास वाचायचा. फौंड्रीत मास्टर पॅटर्न रॅकवर राहतो, रोजच्या साच्याला दुसरा लागतो. इथेही तसंच. मूळ फोल्डरला वाचनासाठी हात लावायचाच नाही.

आता नीट सांगतो, कारण घोळ पायऱ्यांच्या मधल्या जागेत होतो.

गडात एस्केप दाबून सेव्ह करा, टायटलवर या आणि मग खेळ पूर्ण बंद करा. नुसता मिनिमाइझ नको. खेळ उघडा असताना सेव्हच्या आत करंट नावाचा फोल्डर वापरात असतो, आणि त्या वेळी काढलेली प्रत अर्धी इकडची अर्धी तिकडची होऊ शकते.

मग स्टीमच्या लायब्ररीत खेळावर उजवी क्लिक, मॅनेज, ब्राउझ लोकल फाइल्स. तिथे सेव्ह नावाचा फोल्डर दिसेल. दिसला नाही किंवा रिकामा निघाला, तर तुमची आवृत्ती सेव्ह यूजरच्या फोल्डरमध्ये ठेवते: अ‍ॅपडेटा, त्यात रोमिंग, त्यात बे १२ गेम्स, त्यात ड्वॉर्फ फोर्ट्रेस. अ‍ॅपडेटा लपवलेला असतो, म्हणून एक्स्प्लोररच्या व्ह्यू मेनूतून लपलेले आयटम दाखवायला सांगा.

सेव्हच्या आत रीजन१ किंवा तुम्ही दिलेल्या नावाचा फोल्डर असतो. तो पूर्ण कॉपी करायचा. आतली एखादी फाइल उचलून चालत नाही. साइट, युनिट, फीचर, आर्ट इमेज अशा नावांच्या ढीगभर फाइली आत असतात आणि त्या वर्ल्डच्या मुख्य फाइलीशी बांधलेल्या असतात. एक जरी जुनी राहिली तर खेळ कधी उघडताना पडेल, कधी तासाभराने.

प्रत झाली की मूळ फोल्डर सेव्हमधून कट करून बाहेर न्या, डेस्कटॉपवर किंवा दुसऱ्या ड्राइव्हवर. लोक ही पायरी गाळतात आणि मग बोंब होते. यादीत दोन्हीकडे जगाचं नाव तेच, गडाचं नाव तेच, फरक फक्त फोल्डरच्या नावात. घाईत मूळ गड रिटायर होतो. मूळ तिथे नसेलच, तर चुकायला जागाच उरत नाही.

आता खेळ उघडा, प्रत लोड करा, पॉज काढू नका, एस्केप, रिटायर. टायटल आलं की स्टार्ट प्लेइंगमधून ते जग निवडा, तिथे लेजेंड्स असेल. वाचून झालं की बाहेर या, खेळ बंद करा, मूळ फोल्डर परत जागेवर.

गंगावेस_चौक

पॉज काढू नका असं का? दोन दिवस पुढे गेला तरी प्रतच आहे ना ती.

उद्यमनगर_पॅटर्नवाला

दोन कारणं आहेत भावा. हंगाम बदलला की ऑटोसेव्ह होतं, आणि स्टीमच्या आवृत्तीत ऑटोसेव्हच्या तीनच जागा आळीपाळीने वापरल्या जातात. तिथे तुमच्या खऱ्या गडाच्या मागच्या तीन सेव्ह असतात. प्रतीत हंगाम ओलांडला की त्यातली सगळ्यात जुनी पुसली जाते, आणि पुढे कधीतरी ऑटोसेव्हवरून गड उचलायची वेळ आली तर तो कुठल्या फांदीवरचा हेच कळत नाही. दुसरं कारण साधं. प्रतीतली तारीख आणि मूळ गडाची तारीख एकच राहिली, तर वाचलेलं सगळं तुमच्या गडाला जसंच्या तसं लागू पडतं.

पन्हाळापायथा

वरच्यात एक भर. रिटायर खरंच लागलं की नाही ते मेनूवरून ताडत बसू नका, फोल्डर उघडून पाहा. खेळ चालू असलेल्या जगात मुख्य फाइल वर्ल्ड डॉट सॅव्ह नावाची असते. गड रिटायर झाला, सोडला किंवा पडला, की तिच्या जागी वर्ल्ड डॉट डॅट येते. नुकत्याच घडवलेल्या जगातही, ज्यात अजून कुणी खेळलेलं नाही, डॅटच असते. म्हणजे विस्तार पाहिला की कळतं: सॅव्ह असेल तर रोजकीर्द चालू आहे, डॅट असेल तर वही मिटलेली आहे आणि बखर वाचायला मोकळी. विंडोज विस्तार लपवतं. व्ह्यूमधून फाइल नेम एक्स्टेन्शन्स चालू करा, नाहीतर दोन्ही नुसतं वर्ल्ड दिसेल.

खेळ मध्येच बंद पडला तर करंट फोल्डर तसाच मागे राहतो. त्याला सेव्ह समजून जपून ठेवू नका. वर्ल्डची मुख्य फाइल सेव्ह करतानाच लिहिली जाते, म्हणून नुसत्या करंटवरून गड उठत नाही.

गंगावेस_चौक

आणि रिटायरऐवजी अबॅन्डन केलं तर? प्रत फेकूनच द्यायची आहे की नंतर.

पन्हाळापायथा

लेजेंड्स दोन्हीने उघडतं. पण अबॅन्डन केलं की गड ओसाड पडल्याची नोंद इतिहासात जाते आणि तुमची माणसं विखुरतात. त्यानंतर गडाचं पान वाचलं की शेवटची ओळ खोटी, कारण मूळ खेळात तसं काही झालेलंच नाही. रिटायरमध्ये गड जगातली एक वस्ती म्हणून चालू राहतो, ढवळाढवळ कमी. वाचनासाठी रिटायरच करा.

आणि कुणी म्हणेल की मूळ गडच रिटायर करून वाचू आणि अनरिटायर करून परत घेऊ, प्रत कशाला. तर तसं करता येतं, पण परत मिळालेला गड तोच नसतो. सामान इकडचं तिकडे झालेलं असतं, काही माणसं निघून गेलेली असतात, लावलेली घडी पुन्हा बसवावी लागते. चार वर्षांचा गड एका वाचनासाठी कोण पणाला लावणार.

रंकाळा_पदपथ

एवढा उपद्व्याप कशाला? डीएफहॅक (खेळाला बाहेरून जोडायचं साधन) टाका आणि चालू गडातूनच लेजेंड्स उघडा. ओपन-लेजेंड्स नावाची कमांड आहे. मिनिटाचं काम.

उद्यमनगर_पॅटर्नवाला

आहे, पण तुम्ही अर्धंच सांगितलंत. त्याच कमांडच्या माहितीत इशारा दिलाय: लेजेंड्समधून बाहेर आल्यावर गड सेव्ह केला तर सेव्ह बिघडायचा मोठा धोका. गडाच्या पडद्यामागे लेजेंड्सचा पडदा बळेच उघडलेला असतो आणि मेमरीतली माहिती वेगळ्याच मांडणीत असते. तीच डिस्कवर लिहिली की संपलं.

त्यामुळे क्रम पाळायचा. पॉज. मग क्विकसेव्ह, ही डीएफहॅकचीच कमांड. मग ओपन-लेजेंड्स, एका शब्दासारखी, मधे जोडरेघ, रोमन अक्षरांत. वाचा. बाहेर येताना खेळ सेव्ह न करता थेट बंद व्हायला हवा. डीएफहॅकच्या अलीकडच्या आवृत्त्या लेजेंड्समधून बाहेर पडलं की खेळ आपोआप बंद करतात. तुमच्याकडे तसं होत नसेल तर डाय कमांड द्या, ती सेव्ह न करता खेळ मारते. ऑटोक्विट बंद करायचा पर्याय आहे, त्याच्या नादाला लागू नका.

एखाद्या माणसाचं नाव चटकन बघायला ही वाट ठीक. तासभर वाचायचं, एक्स्पोर्ट काढायचं (इतिहास वेगळ्या फाइलीत उतरवायचा), तर प्रतच. आणि डीएफहॅकची आवृत्ती खेळाच्या आवृत्तीशी जुळलेली हवी. खेळ आपोआप अपडेट झाला आणि डीएफहॅक मागे राहिलं, तर ते चालूच होत नाही.

कळंबा_तळं

प्रतीची वाट जमली, धन्यवाद. डॅट दिसली. आता पुढचं: दर हंगामाला प्रत ठेवायची तर नावं? आणि जागा किती धरायची?

बिंदूचौक_रात्रपाळी

नावात तीन गोष्टी याव्यात: जग, खेळातलं वर्ष-महिना, आणि प्रत कशासाठी. उदाहरणार्थ आर१, मग ०२५४, मग ०७, मग वाचन. वर्ष चार आकडी, महिना दोन आकडी, पुढे शून्य लावून, म्हणजे एक्स्प्लोररमध्ये आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. शून्य नाही लावलं तर एक्स्प्लोरर सांभाळून घेतो, पण दुसऱ्या काही प्रोग्रॅममध्ये १० नंबर २ च्या वर जाऊन बसतो. नावं रोमन अक्षरांत आणि आकड्यांत ठेवा, मधे जागा नको, देवनागरी तर नकोच. फोल्डरचं नाव पुढे एक्स्पोर्टच्या फाइलीच्या नावातही उतरतं आणि तिथून दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये जातं, उगाच परीक्षा कशाला पाहायची.

आजची तारीख नावात घालू नका, ती फाइलीवर असतेच. खेळातली तारीख कुठेच बाहेरून दिसत नाही, म्हणून ती नावात.

जागेचं गणित आपलं आपण करा. फोल्डरवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, आकार पाहा. समजा १५० एमबी आला. वर्षाला चार हंगाम म्हणजे ६०० एमबी, दहा वर्षांच्या गडाला ६ जीबी. एवढ्या प्रती लागतच नाहीत. हंगामाची प्रत वर्षभर ठेवायची, नवीन वर्ष लागलं की त्यातली वसंताची एक ठेवून बाकीच्या तीन काढायच्या. आणि जग घडवल्याबरोबर, पहिला गड बसवायच्या आधीची एक प्रत कायमची. ती पुसायची नाही. तीत वर्ल्ड डॉट डॅट असते, कधीही उघडा, लेजेंड्स लगेच, आणि त्याच जगात वेगळा गड सुरू करायचा झाला तर तिथूनच.

झिप करून जागा वाचेल या भरवशावर राहू नका. सेव्ह आधीच दाबलेल्या स्वरूपात असते, झिप केल्यावर फारसा फरक पडत नाही. इनिटच्या सेटिंग्जमध्ये कम्प्रेस्ड सेव्हज बंद केलं असेल तरच झिपला काही मिळेल. झिप करायची ती एका फाइलीत बांधून ठेवायला, पेन ड्राइव्हवर हजार छोट्या फाइली टाकायला लागणारा वेळ वाचवायला.

जुन्या प्रती सेव्ह फोल्डरच्या बाहेर ठेवा. आत ठेवल्या की सगळ्या यादीत येतात, आणि मग वर सांगितलेला घोळ पाचपट.

रंकाळा_पदपथ

कॉपी-पेस्टऐवजी रोबोकॉपी लावा, विंडोजमध्ये आधीपासून असतं. एक बॅच फाइल केली की डबल क्लिक, काम तमाम. मिररचा पर्याय लावायचा म्हणजे दोन्हीकडे सारखं.

बिंदूचौक_रात्रपाळी

मिरर नको! मिरर म्हणजे मूळ ठिकाणी जे नाही ते नकलेच्या ठिकाणाहून पुसणं. सेव्ह फोल्डर एखाद दिवशी चुकून रिकामा झाला आणि बॅच फाइल चालली, तर तुमचा साठा पण रिकामा. स्लॅश आणि ई एवढाच पर्याय द्या, रिकाम्या फोल्डरांसकट सगळं उतरवतं आणि काही पुसत नाही. दर वेळी नव्या नावाच्या फोल्डरात.

डेस्कटॉपवर शॉर्टकट करून त्याला प्रत म्हणणारेही भेटतात. बाण असलेलं चिन्ह दिसलं की ती प्रत नव्हे. खात्री करायची तर दोन्ही फोल्डरांची प्रॉपर्टीज उघडून फाइलींची संख्या आणि बाइटमधला आकार जुळवा.

शाहूपुरी_पाचवी_गल्ली

पावसाळ्यातलं एक सांगते. सेव्ह चालू असताना लाइट गेली तर वर्ल्डची फाइल अर्धी लिहिलेली राहू शकते आणि तो फोल्डर मग उघडत नाही. लॅपटॉपला बॅटरी असते, डेस्कटॉपवाल्यांनी यूपीएस नसेल तर पाऊस धरलेला असताना सेव्हच्या आधी मागच्या सेव्हची प्रत बाहेर काढून ठेवावी. आधी प्रत, मग सेव्ह. उलटं केलं तर प्रत बिघडलेल्याचीच निघते.

पन्हाळापायथा

बरोबर ताई. क्लाउडला आपोआप जोडलेल्या फोल्डरात सेव्ह ठेवणाऱ्यांनाही तेच लागू. खेळ फाइली लिहितोय आणि त्याच वेळी सिंकवाला त्याच फाइली उचलतोय असं होऊ देऊ नका. खेळ बंद झाल्यावर सिंक चालू करा.

जोतिबा_डोंगर_वाट

मला एक कळत नाही. जग घडवताना सीड, म्हणजे ज्या आकड्यावरून जग घडतं तो, दिसतो. तो वहीत लिहून ठेवला की तेच जग पुन्हा घडवता येतं ना? मग सेव्ह साठवायची गरजच काय?

उद्यमनगर_पॅटर्नवाला

सीड एक नसतो, चार असतात: जगाचा, इतिहासाचा, नावांचा आणि प्राण्यांचा. चारही लिहिले, सगळे पॅरामीटर तेच ठेवले, तरी खेळाची आवृत्ती बदलली किंवा एक मॉड (खेळात इतरांनी केलेला बदल) कमी-जास्त झाला की इतिहास तोच येईल याची हमी नाही. डोंगर-नद्या ओळखीच्या वाटतील आणि राजे वेगळे. आणि तुमच्या गडाची चार वर्षं तर कुठल्याच सीडमध्ये नाहीत. सीड मित्राला भूगोल दाखवायला. इतिहास जपायचा तर फोल्डरच.

कळंबा_तळं

आता वाचण्याबद्दल. खेळातलं लेजेंड्स बघताना एकावरून दुसऱ्यावर उड्या मारत तीन तास जातात आणि हाती काही लागत नाही. बाहेर काढून वाचायची सोय आहे असं ऐकलंय.

पन्हाळापायथा

आहे, आणि इथेच खरी मजा. लेजेंड्सच्या पडद्यावर एक्स्पोर्ट एक्सएमएल असं बटण आहे. फाइलीच्या नावात फोल्डरचं नाव, मग पाच आकडी वर्ष, महिना, दिवस आणि शेवटी लेजेंड्स असतं. कुठे पडली ते सापडत नसेल तर लेजेंड्स एवढाच शब्द शोधा.

या एकट्या फाइलीत मात्र बऱ्याच गोष्टी अर्धवट असतात. उदाहरण म्हणजे राज्यं आणि संस्था: तिथे क्रमांक आणि नाव, बस्स. हे राज्य कुणाचं, ड्वॉर्फांचं की एल्फांचं, गादीची पदं कोणती, हे त्यात नाही. ते डीएफहॅकच्या जादा एक्स्पोर्टमध्ये येतं, फाइलीच्या नावाला शेवटी लेजेंड्स, अंडरस्कोर, प्लस असं लागतं. डीएफहॅक चालू असेल तर एक्स्पोर्ट करतानाच ती दुसरी फाइल काढायचा पर्याय मिळतो. नाहीतर लेजेंड्समध्ये असताना एक्स्पोर्टलेजेंड्स ही कमांड, सलग एक शब्द. दोन्ही फाइली शेजारी ठेवायच्या आणि लेजेंड्स व्ह्यूअर किंवा लेजेंड्स ब्राउझरमध्ये उघडायच्या. माणूस, गाव, लढाई, पुस्तक, सगळ्याला दुवे मिळतात, एकाच वेळी दहा टॅब उघडून वाचता येतं. लेजेंड्स ब्राउझर तुमच्याच संगणकावर चालतो आणि साध्या वेब ब्राउझरमध्ये पानं दाखवतो, नेट लागत नाही.

दोन्ही फाइली एकाच बैठकीत काढा. साधी हिवाळ्यातल्या प्रतीची आणि प्लस वसंतातल्या प्रतीची असा जोड लावला तर व्ह्यूअर गपगुमान उघडतो आणि चुकीचं दाखवतो. तो पडला असता तर बरं झालं असतं.

गंगावेस_चौक

नोटपॅडमध्ये उघडली तर खिडकी पांढरी होऊन बसली.

पन्हाळापायथा

होणारच. ही फाइल शेकडो एमबीची होते, मोठ्या जगात गीगाबाइटच्या पुढे जाते. नोटपॅडचं काम नव्हे. आणि नावांतली अक्षरं मोडलेली दिसत असतील तर फाइल खराब नाही. साधी फाइल सीपी ४३७ या जुन्या डॉस कोडपेजात असते, प्लसवाली यूटीएफ-८ मध्ये. ड्वॉर्फांच्या नावांत टिंबं-टोप्या असलेले स्वर भरपूर, एडिटरने कोडपेज चुकीचं धरलं की त्यांच्या जागी भलतंच येतं. मोडी येत नसलेल्याने मोडीचा कागद बाळबोध म्हणून वाचावा तसं. एडिटरमध्ये एन्कोडिंग स्वतः निवडा. स्वतःचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी लक्षात ठेवा, आत कधी कधी एक्सएमएलला न चालणारी नियंत्रण अक्षरं पण असतात. ती आधी गाळली नाहीत तर पार्सर मध्येच थांबतो.

शाहूपुरी_पाचवी_गल्ली

घटनांमध्ये वर्षाखाली सेकंड्स७२ असा एक आकडा दिसतो. तो काय?

पन्हाळापायथा

वर्षातली नेमकी वेळ. ७२ सेकंदांचा एक ठोका. दिवसाचे १,२०० ठोके, महिना २८ दिवसांचा म्हणजे ३३,६००, वर्ष १२ महिन्यांचं म्हणजे ३३६ दिवस आणि ४,०३,२०० ठोके. गडातला ठोका पण हाच, म्हणून हिशोब थेट जुळतो.

एक काढून दाखवतो. आकडा समजा २,११,५०० आहे. ३३,६०० ने भागा: ६ पूर्ण महिने झाले, म्हणजे सातवा चालू. ग्रॅनाइट, स्लेट, फेल्साइट, हेमटाइट, मॅलकाइट, गॅलिना, आणि सातवा लाइमस्टोन. सहा महिन्यांचे २,०१,६०० वजा केले, उरले ९,९००. १,२०० ने भागले की ८ पूर्ण दिवस आणि पाव. म्हणजे लाइमस्टोनची ९ तारीख, पहाट सरता सरता. शरदाचा पहिला महिना.

जग घडत असतानाच्या काही घटनांत इथे उणे १ असतो. म्हणजे वर्ष ठरलेलं, दिवस नोंदलेला नाही. माणसाच्या मृत्युवर्षात उणे १ दिसला तर तो जिवंत आहे. जन्मवर्ष उणे असेल तर काळ सुरू व्हायच्या आधीपासूनचा, मोठे राक्षस वगैरे. सरासरी आयुष्य काढायला बसलात आणि हे गाळले नाहीत, तर उत्तर हास्यास्पद येतं. देवांवर डेइटी (दैवत) अशी खूण असते, तेही बाजूला काढा.

उद्यमनगर_पॅटर्नवाला

दोन हंगामांचे एक्स्पोर्ट ताडून बघायचे असतील तर नावावर जाऊ नका, क्रमांकावर जा. प्रत्येक माणसाला, गावाला, वस्तूला क्रमांक असतो आणि तो बदलत नाही. वसंतातला ४,१०२ नंबर शरदातही तोच माणूस. जुन्या फाइलीत सगळ्यात मोठा क्रमांक कोणता ते पाहायचं, नव्या फाइलीत त्याच्या पुढचे सगळे म्हणजे मधल्या काळात आलेले. घटनांचंही तसंच. गॉब्लिनांनी घेतलेली गावं तुम्हाला याच पद्धतीने मिनिटात सापडतील: मागच्या एक्स्पोर्टमधल्या शेवटच्या घटनेच्या पुढून वाचायला लागा.

पण एका जन्मप्रतीवरून, म्हणजे जग घडवल्याबरोबर ठेवलेल्या प्रतीवरून, दोन गड चालवले असतील तर सांभाळा. क्रमांक येईल तसा पुढे दिला जातो. फाटा फुटेपर्यंत दोन्हीकडे क्रमांक आणि माणूस एकच. फाट्यानंतर दोन्हीकडे नवी माणसं येतात आणि दोघांना तोच क्रमांक मिळतो. इकडचा ९,००१ सुतार, तिकडचा ९,००१ भलताच. आपल्याला हे नवीन नाही. १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्यांवर शिक्का बसला, वर शिवछत्रपतींपर्यंत वंशावळ दोघांची एकच. त्यानंतर नुसतं शाहू महाराज म्हटलं तर १७४९ साली वारलेले साताऱ्याचे, की १८९४ साली गादीवर आलेले आपले, हे सांगावं लागतं. म्हणून फोल्डरच्या नावात फाट्याचं एक रोमन अक्षर घाला, ए आणि बी. दोन फाट्यांच्या फाइली एका व्ह्यूअरमध्ये जोडू नका.

जोतिबा_डोंगर_वाट

एक्स्पोर्टच्या फाइली तरी झिप कराव्यात का?

बिंदूचौक_रात्रपाळी

त्या जरूर करा. साधा मजकूर आहे, त्याच त्याच खुणा लाखो वेळा येतात, ७-झिपने प्रचंड लहान होतात. सेव्हपेक्षा जास्त काळ टिकणारी गोष्ट पण हीच. स्टीमची आवृत्ती ६ डिसेंबर २०२२ ला आली, क्रमांक ५० पासूनची, आणि तिच्या आधीच्या ०.४७ च्या सेव्ह ती उघडत नाही. ०.४७ मधल्या जगाचा एक्स्पोर्ट काढून ठेवलेला असेल तर ते जग आजही वाचता येतं. नसेल तर जुना खेळच जागेवर हवा. उलटंही तेच, नव्या आवृत्तीत सेव्ह केलेलं जुनीत जात नाही.

नवीन जग घडवणाऱ्यांना आणखी एक. प्रगत पॅरामीटर्समध्ये बिनमहत्त्वाच्या ऐतिहासिक व्यक्ती गाळायचा पर्याय आहे, कल या शब्दाने सुरू होतो. तो चालू असेल तर सेव्ह हलकी होते, पण ज्यांच्या हातून काही मोठं घडलं नाही अशी मेलेली माणसं इतिहासातून जातात. वंशावळी वाचायच्या असतील तर बंद ठेवा. त्या बदल्यात इतिहासाची वर्षं कमी करा किंवा जग लहान घ्या, ६५ बाय ६५ मध्येही गाद्या आणि भांडणं भरपूर असतात. २५७ बाय २५७ आणि हजार वर्षं असं घेतलं तर लेजेंड्स उघडायलाच ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपची दमछाक होते.

कळंबा_तळं

शेवटचं. हे सगळं दुसऱ्या संगणकावर न्यायचं तर सेव्ह फोल्डर पुरे ना? दोन मॉड लावलेत.

उद्यमनगर_पॅटर्नवाला

मॉड असतील तर पुरत नाही. ०.४७ पर्यंत जगाचे रॉ (प्राणी, वस्तू वगैरेंच्या व्याख्यांच्या फाइली) सेव्हच्या आतच असायचे. ५० पासून सेव्ह फक्त मॉडचं नाव आणि आवृत्ती लक्षात ठेवते, खुद्द मॉड डेटाच्या आत इन्स्टॉल्ड मॉड्स नावाच्या फोल्डरात असतात. तो पण सोबत न्या. नवीन ठिकाणी तोच मॉड स्टीमच्या वर्कशॉपमधून पुन्हा उतरवला आणि करणाऱ्याने मधे आवृत्ती वाढवलेली असली, तर जग जुनीच मागत राहतं. इन्स्टॉल्ड मॉड्समध्ये एकाच मॉडचे दोन आवृत्त्यांचे दोन फोल्डर दिसतील, जुना उगाच पडलाय म्हणून साफसफाईत काढू नका.

तिकडे गेल्यावर पहिल्यांदा मूळ गड उघडू नका. वाचनप्रत उघडा, ती फेकायचीच आहे. ती लेजेंड्सपर्यंत नीट गेली की मग मूळ.

कळंबा_तळं

वाचनप्रत उघडली, लेजेंड्स पण आलं. गॉब्लिनांनी चार वर्षांत तीन गावं घेतलीत आणि तिसरं आपल्या गडापासून दोन दिवसांवर आहे. आता मूळ फोल्डर जागेवर ठेवतो आणि दरवाजाला पूल बांधायला घेतो.